न्यायमूर्ती रानडे, अधू डोळे आणि आजचा ई-रीडर

घरातल्या ज्येष्ठांसाठी ई-रीडर घ्यायचा विचार असेल, तर आधी महादेव गोविंद रानड्यांचं आयुष्य बघू. काय घ्यायचं आणि काय नाही, ते त्यातूनच कळतं.

रानड्यांचा जन्म १८४२ सालचा, निफाडचा. शिक्षण कोल्हापूर आणि मुंबईत. १८६२ मध्ये ते बी.ए. झाले, मुंबई विद्यापीठाच्या अगदी पहिल्या पदवीधरांपैकी एक. पण अति वाचनाने विद्यार्थिदशेतच डोळे बिघडले आणि दृष्टी कायमची अधू राहिली. तरीही १८७१ ला ते पुण्यात न्यायाधीश झाले. १८७८ ला लोकहितवादींच्या साथीने त्यांनी मराठी ग्रंथकारांना पुण्यात एकत्र आणलं. १८९३ ला मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. १९०० मध्ये मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं.

मग हा माणूस वाचायचा कसा? बराचसा दुसऱ्याच्या डोळ्यांनी. १८७३ मध्ये लग्न झालं तेव्हा रमाबाई ११ वर्षांच्या होत्या, अक्षरओळख नव्हती. रानड्यांनी त्यांना स्वतः शिकवलं, आधी मराठी, मग इंग्रजी. त्यावरून घरातल्या बायकांचे टोमणे रमाबाईंनी सोसले. पुढे त्याच नवऱ्याला वर्तमानपत्रं, पुस्तकं वाचून दाखवू लागल्या. १९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाईंनी १९०९ ला पुण्यात सेवासदन उभं केलं आणि १९१० ला आठवणींचं पुस्तक लिहिलं.

यात एक अडचण दडलेली आहे. वाचून दाखवणारा मोकळा असेल, तेव्हाच वाचन होतं. आमच्या पुंडलिकनगरच्या घरात हेच चालू होतं. वडील ७८ वर्षांचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, पण बारीक छपाई दिसत नाही. मी वाळूजहून ड्यूटी करून येईपर्यंत पेपर शिळा झालेला!

आता उपाय. ई-रीडरचा ई-इंक पडदा कागदासारखा असतो, मोबाईलसारखा डोळ्यांवर चमकत नाही. पण खरी मेख पुस्तकाच्या फाईलमध्ये आहे. बऱ्याच ऑनलाइन ग्रंथालयांतली जुनी मराठी पुस्तकं म्हणजे स्कॅन केलेली पीडीएफ, थोडक्यात पानांचे फोटो. झूम केलं की ओळ पडद्याबाहेर जाते, आजोबा कंटाळतात. ईपब फाईलमध्ये खरी अक्षरं असतात. अक्षर मोठं करा, ओळी आपोआप नव्याने बसतात.

ईपब कुठे मिळेल? लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तक कॉपीराइटमुक्त होतं. अशी बरीच जुनी पुस्तकं मराठी विकिस्रोतावर टाइप केलेली आहेत आणि ईपबमध्ये फुकट उतरवता येतात. किंडल असेल तर ‘सेंड टू किंडल’ने ती फाईल पाठवा.

मोठं अक्षरही दिसेनासं झालं, तर अँड्रॉइड फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये ‘सिलेक्ट टू स्पीक’ चालू करा. मराठी आवाज निवडला की फोन वाचून दाखवतो. इथेही फोटोपेक्षा खरी अक्षरं असलेली फाईल बरी.

एवढं करून दिल्यावर वडील दुपारी आपलं आपण वाचतात. रात्री मात्र एखादं पान मीच वाचतो. फोनला मध्येच थांबवून वाद घालता येत नाही ना!