नोकरी गेली, पण शपथ मोडली नाही : गणितज्ञ कॉशी यांची गोष्ट

बेळगाव असो, इंदूर असो की बडोदा, इंजिनिअरिंगच्या किंवा बीएस्सीच्या मुलांना गणिताच्या पेपरात एक नाव भेटतंच, ते म्हणजे कॉशी. 'कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स' म्हणजे संमिश्र चलांचा भाग सुरू झाला की आधी कॉशी-रीमन समीकरणं, मग कॉशीचं प्रमेय, त्यापाठोपाठ कॉशीचं सूत्र. प्रमेय पाठ होतं, पेपर सुटतो, पण त्यामागचा माणूस अनोळखीच राहतो. २१ ऑगस्ट हा त्यांचा जन्मदिवस. त्यानिमित्त ही ओळख.

ऑगस्टिन-लुई कॉशी यांचा जन्म १७८९ सालचा, पॅरिसमधला. बॅस्टिलचा तुरुंग पडून जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते. वडील जुन्या राजवटीतले सरकारी अधिकारी. जिवाच्या भीतीने त्यांनी कुटुंबासह शहराजवळचं आर्क्योई गाव गाठलं. ते दिवस ओढाताणीचे होते. राजघराण्यावरची निष्ठा आणि कट्टर कॅथलिक श्रद्धा या दोन्ही गोष्टी कॉशींना घरातूनच मिळाल्या आणि शेवटपर्यंत सुटल्या नाहीत.

शिक्षणाने ते इंजिनिअर. १८१० मध्ये नेपोलियनच्या आरमारासाठी शेरबूर बंदराचं बांधकाम चालू होतं, तिथे नेमणूक झाली. दिवसभर काम आणि उरलेल्या वेळात गणित. तब्येत ढासळली, तसे १८१२ मध्ये ते पॅरिसला परतले आणि मग गणितातच रमले.

उणे एकचं वर्गमूळ घेऊन गणित करणं तेव्हा नवीन नव्हतं. ऑयलरसारखे मोठे लोक ते सर्रास वापरत. पण हे चालतं का आणि कुठे चालत नाही, याचा पक्का हिशोब कुणी मांडला नव्हता. कॉशींनी १८१४ मध्ये, पंचविशीत, त्याला हात घातला आणि १८२५ च्या निबंधात तो पुढे नेला.

त्यांचं प्रमेय साध्या भाषेत असं सांगता येईल. प्रतलावर एका बिंदूपासून निघा, वळसा घालून त्याच बिंदूवर परत या आणि वाटेत फलनाचं इंटिग्रेशन करत चला. त्या वळशावर आणि आतल्या भागात फलन कुठेही बिघडत नसेल, तर एकूण बेरीज शून्य. आत एखादा बिघाडाचा बिंदू असेल, तर मात्र काहीतरी बाकी उरू शकतं. त्या बाकीलाच 'रेसिड्यू' म्हणतात. वळसा लहान घ्या की मोठा, बिघाडाचे बिंदू तेच असतील तर बेरीज बदलत नाही. एरवी पानंच्या पानं खाणारी कित्येक इंटिग्रेशनं यामुळे चार ओळींत सुटतात.

खरी कसोटी आली १८३० मध्ये. जुलैच्या क्रांतीत राजा दहावा चार्ल्स गेला, लुई फिलिप आला. सरकारी प्राध्यापकांनी नव्या राजाच्या निष्ठेची शपथ घ्यायची होती. सह्या करून नोकऱ्या टिकवणारे पुष्कळ होते. कॉशींनी नकार दिला. एकदा दिलेला शब्द त्यांना फिरवायचा नव्हता. प्राध्यापकपदं गेली, बायको आणि दोन मुली मागे राहिल्या आणि ते देशाबाहेर पडले. आधी ट्यूरिनला शिकवलं. १८३३ मध्ये प्रागला जाऊन पदच्युत राजाच्या नातवाचे शिक्षक झाले. त्या मुलाला गणिताची गोडी नव्हती. जगातला एक अव्वल गणितज्ञ तिथे पाच वर्षं शिकवणी घेत राहिला!

१८३८ मध्ये ते परतले. अकादमीचं सदस्यत्व होतं, पण शपथेची अट कायम असल्याने सरकारी अध्यापन बंदच. १८४८ च्या क्रांतीनंतर अट गेली आणि त्यांना पुन्हा प्राध्यापकपद मिळालं. पुढे १८५२ मध्ये शपथ परत आली, तेव्हा तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने अखेर त्यांना सूट दिली.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. १८१६ मध्ये राजाने मोंज यांना अकादमीतून काढलं आणि ती जागा कॉशींना दिली. त्यांनी ती घेतली, ते अनेकांना खटकलं. १८२६ मध्ये नॉर्वेच्या तरुण आबेलचा निबंध तपासायला त्यांच्याकडे आला आणि त्यांच्या कागदांत पडून राहिला. १८२९ मध्ये आबेल क्षयाने गेला, वय अवघं २६. निबंध छापला गेला १८४१ मध्ये. राजाशी शब्द पाळणाऱ्या माणसाकडून एका गरीब, होतकरू पोराकडे मात्र दुर्लक्ष झालं.

२३ मे १८५७ रोजी पॅरिसजवळच्या सो गावी त्यांचं निधन झालं. मागे जवळपास आठशे शोधनिबंध राहिले. समग्र लेखन २७ खंडांत आलं, त्याची छपाई १८८२ ते १९७४ पर्यंत चालली. आयफेल टॉवरवर कोरलेल्या ७२ नावांत त्यांचंही नाव आहे. सेमिस्टरला कॉशीचं प्रमेय लिहाल, तेव्हा एका सहीसाठी पगारावर पाणी सोडणारा हा माणूस आठवा. आणि त्याच्या कागदांत अडकलेला आबेलही.