कै. प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर

कुस्तीच्या आपल्या मुलखांत क्रिकेटवीराचें स्मरण करणें थोडें धाडसाचेंच! 14 जानेवारी 1892 रोजीं पुण्यास जन्मलेले देवधर तेथील सर परशुरामभाऊ कॉलेजांत संस्कृत शिकवीत. 1926 सालीं एम. सी. सी. च्या इंग्लिश संघाविरुद्ध त्यांनीं 148 धावा काढल्या. पण 1932 सालीं हिंदुस्थान पहिला कसोटी सामना खेळला, तेव्हां चाळीस वर्षांच्या देवधरांस संघांत स्थान नव्हतें. दुसरा एखादा बॅट ठेवून देता. यांनीं महाराष्ट्राचे कर्णधार म्हणून 1939-40 व 1940-41 असा लागोपाठ दोनदां रणजी करंडक जिंकला, आणि 1944 सालीं, बावन्न वर्षांचे असतां, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यांत दोन शतकें काढलीं. तारा, सुंदर व सुमन या त्यांच्या कन्या बॅडमिंटनमध्यें देशभर गाजल्या. मुलींनीं मैदानांत उतरावें, हें त्या काळीं किती पित्यांस रुचत होतें? 24 ऑगस्ट 1993 रोजीं, एकशें एक वर्षें पुरीं करून, ते पुण्यास निवर्तले.