चौकोनी घड्याळाचा पहिला मानकरी

रत्नागिरी, (प्रतिनिधी) - २३ जुलै ही लोकमान्य टिळकांची जयंती. याच तारखेला १९३२ मध्ये ब्राझीलचे विमानविद्येचे अग्रदूत अल्बेर्तो सांतोस-द्युमाँ यांचे निधन झाले. पुरुषांच्या चौकोनी मनगटी घड्याळाशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

कॉफीचे मळे असलेल्या धनाढ्य घराण्यात २० जुलै १८७३ रोजी ते जन्मले. पॅरिसमध्ये १९०१ साली वायुनौकेतून आयफेल टॉवरला प्रदक्षिणा घालून त्यांनी मोठे पारितोषिक जिंकले आणि ती रक्कम गोरगरीब व सहकाऱ्यांना वाटून टाकली.

उड्डाणात दोन्ही हात यंत्रात गुंतलेले असत. खिशातील घड्याळ काढणे जिकिरीचे होई. ही अडचण जाणून स्नेही लुई कार्तिए यांनी १९०४ मध्ये त्यांच्यासाठी चामडी पट्ट्याचे लहान चौकोनी घड्याळ घडविले. मनगटी घड्याळ हा तेव्हा स्त्रियांचा अलंकार मानला जाई. सांतोस-द्युमाँ यांनी त्याची पर्वा केली नाही. १९११ पासून ते घड्याळ विक्रीस आले.

विमानांचा युद्धातील संहारक वापर पाहून ते व्यथित झाले. दीर्घ आजारपण व खिन्नतेत त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपविली.

ते स्वतः लहानखुरे होते. आज रुंद मनगटाचे अनेकजण आजोबांचे छोटे चौकोनी घड्याळ बांधताना संकोचतात. वास्तविक, कोपऱ्यांमुळे चौकोनी तबकडी तेवढ्याच रुंदीच्या गोल तबकडीहून मोठी भासते. लोक काय म्हणतील, हा प्रश्न तर सांतोस-द्युमाँ यांनी शतकापूर्वीच निकालात काढला आहे.