विश्लेषण : हात न लावता उघडणारे दरवाजे! विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्यावर नेमके काय केले होते?

थळचा खत कारखाना असो की उरणचा वायू प्रक्रिया प्रकल्प, रायगडच्या किनाऱ्यावरील अशा प्रकल्पांत पाइपलाइनवरचे अनेक व्हॉल्व्ह कोणी चाक फिरवून उघडत नाही. व्हॉल्व्हवर बसवलेला अ‍ॅक्च्युएटर हवेच्या दाबावर ते काम करतो. हवा गेली, वीज गेली आणि जवळ कोणी नसले, तरी व्हॉल्व्हने सुरक्षित बाजूलाच जावे, हा त्यामागचा विचार. सव्वाशे वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका धरणावर असाच विचार प्रत्यक्षात आला होता. तो आणणारे अभियंते होते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

विश्वेश्वरय्या महाराष्ट्रात कसे आले?

जन्म म्हैसूर संस्थानातील मुद्देनहळ्ळीचा. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. बंगळूरला शिकवण्या करत त्यांनी पदवी घेतली आणि संस्थानच्या शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, प्रवेश मिळवला. १८८३ मध्ये अभियांत्रिकीच्या परीक्षेत ते पहिले आले. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून नाशिकला रुजू झाले. खानदेशात धुळ्याजवळ ऐन पावसाळ्यात नळाद्वारे पाणी पलीकडे नेण्याचे काम हा त्यांच्या नोकरीतला सुरुवातीचा कस होता. पुढे सिंधमधील सक्करची पाणीयोजना त्यांनी पूर्ण केली आणि नंतर ते पुण्यात आले.

खडकवासल्याची अडचण काय होती?

मुठा नदीवरील या धरणावर पुण्याचे पिण्याचे पाणी आणि कालव्याखालची शेती अवलंबून होती. पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई आणि उन्हाळ्यात तुटवडा पडे. सांडव्याची उंची कायमची वाढवली तर साठा वाढला असता, पण मोठ्या पुरात तेच पाणी धरणाच्या भिंतीवर चढले असते. सांडव्यावर दरवाजे बसवायचे, तर ते वेळेवर उघडणार कोण? पूर रात्री येतो, मुसळधार पावसात येतो. दरवाजे लवकर उघडले तर पाणी वाया जाणार. उशीर झाला तर धरणालाच धोका.

मग उपाय कोणता निघाला?

दरवाजे चालवण्याचे काम विश्वेश्वरय्यांनी पाण्याकडेच सोपवले. दरवाज्यांचे वजन प्रतिभाराने तोललेले होते. तलावाची पातळी ठरलेल्या रेषेपर्यंत असेतो दरवाजे बंद राहत. पाणी त्यावर गेले की ते आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. इंजिन नको, पहारेकऱ्याची धावपळ नको. जुन्या सांडव्याच्या माथ्यापेक्षा सुमारे ८ फूट जास्त पाणी अडवता आले आणि भिंत न वाढवता साठा अंदाजे २५ टक्क्यांनी वाढला. या रचनेचे पेटंट त्यांनी १९०३ मध्ये घेतले. मात्र सरकारी सेवेत असताना केलेल्या कामावर स्वामित्वशुल्क घेणे त्यांना पटले नाही आणि त्यांनी ते नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिग्रा धरणावर आणि म्हैसूरच्या कृष्णराजसागरावरही असे दरवाजे बसले.

नंतरचा प्रवास कसा झाला?

१९०८ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या सेवेतून बाहेर पडले. त्याच वर्षी मुसी नदीच्या महापुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले आणि शहराच्या पूरसंरक्षणाची आखणी त्यांच्याकडे आली. १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य अभियंता झाले, तर १९१२ ते १९१८ या काळात दिवाण होते. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले. त्याचा लोंढा खडकवासल्याला पेलवला नाही. तेही फुटले आणि पुण्यात हाहाकार उडाला. कोणतीही यंत्रणा आखलेल्या मर्यादेपर्यंतच राखण करू शकते, हे त्या दिवशी कठोरपणे दिसले. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९६२ रोजी, विश्वेश्वरय्यांचे निधन झाले.

आजच्या अ‍ॅक्च्युएटरशी नाते काय?

धरणावर प्रतिभार होता, इथे स्प्रिंग असते. सिलिंडरमध्ये दाबाखालची हवा शिरली की पिस्टन सरकतो, व्हॉल्व्ह फिरतो आणि दुसऱ्या बाजूची स्प्रिंग दबते. हवा तुटली की स्प्रिंग सुटून व्हॉल्व्हला ठरलेल्या जागी नेते. इंधन वायूचा व्हॉल्व्ह सहसा बंद होतो, तर थंड पाण्याचा बहुधा उघडतो. दोन्ही बाजूंनी हवेवरच चालणाऱ्या अ‍ॅक्च्युएटरमध्ये मात्र अशी स्प्रिंग नसते. यंत्रणेची हवा कोरडी हवी आणि दाब नामपट्टीवरील मर्यादेतच हवा. खाऱ्या वाऱ्यात बोल्ट गंजतात, म्हणून किनाऱ्यावर तपासणी अधिक काटेकोर लागते.

उतरवताना धोका कुठे असतो?

जे यंत्र आपोआप हलते, ते माणूस जवळ असतानाही आपोआप हलू शकते. म्हणून आधी लाइन बंद करून तिच्यातला दाब सोडायचा, मग हवेचा नळ तोडून सिलिंडर रिकामा करायचा आणि कुलूप व फलक लावायचा. हवा गेली तरी स्प्रिंग दबलेलीच असते. तिच्या घराचे बोल्ट जागेवर सोडले, तर झाकण गोळीसारखे सुटू शकते.

उचलताना वजन आधी पाहावे आणि तेवढ्या क्षमतेच्या स्लिंग व चेन ब्लॉक वापराव्यात. अ‍ॅक्च्युएटरवरची उचलण्याची कडी सहसा फक्त त्याच्याच वजनासाठी असते. व्हॉल्व्हसकट जोड तिच्यावर टांगू नये. वजन एका बाजूला झुकलेले असल्याने आधी थोडेसेच उचलून तोल पाहावा. टांगलेल्या वजनाखाली कोणीही उभे राहू नये.