ताऱ्यांवरून घड्याळ पारखणारा सुतार

रेडिओ वा तारायंत्र नसताना घड्याळ बरोबर चालते की नाही, हे कशावरून पारखायचे? जॉन हॅरिसन यांनी त्याचे उत्तर आकाशात शोधले. १६९३ मध्ये इंग्लंडमधील सुताराच्या घरी जन्मलेले हॅरिसन घड्याळे बनवायला स्वतःच शिकले. रात्री खिडकीच्या चौकटीजवळून पाहत, एखादा तारा शेजाऱ्याच्या धुराड्याआड कधी जातो ती वेळ ते टिपत. तोच तारा दुसऱ्या रात्री ३ मिनिटे ५६ सेकंद आधी दिसेनासा होतो. घड्याळानेही तेवढाच फरक दाखवला, तर ते बरोबर.

समुद्रात रेखांश काढायला असेच घड्याळ हवे होते. ४ मिनिटांची चूक म्हणजे एका अंशाची चूक. त्यासाठी ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये २०,००० पौंडांपर्यंतचे बक्षीस जाहीर केले होते. हॅरिसन यांचे चौथे घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर गेले. रोजचा ठरावीक फरक धरून ८१ दिवसांत त्याची चूक निघाली सुमारे पाच सेकंद! तरीही पूर्ण रक्कम मिळेना. अखेर राजा तिसरा जॉर्ज यांनी लक्ष घातल्यावर, १७७३ मध्ये संसदेने ८,७५० पौंड दिले. तेव्हा हॅरिसन ८० वर्षांचे होते. १७७६ मध्ये त्यांचे निधन झाले.