सार्वजनिक काका आणि त्यांची देशी मालाची दुकाने

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले. भोर आणि वेल्हे या भागांत इतिहासपुरुषांची वाण नाही. राजगड आणि तोरणा ज्यांच्या उशाला आहेत, त्यांनी चरित्रनायक शोधण्यासाठी फार दूर जावे असे नाही. परंतु या खेपेस एका अगदी घरगुती कारणाने निराळेच नाव मनात आले. ते नाव म्हणजे कै. गणेश वासुदेव जोशी, अर्थात सार्वजनिक काका.

ते कारण प्रथम सांगितले पाहिजे. आमच्या गावी पूर्वी एक सहकारी भांडार होते. सभासदांच्या भागांतून उभारलेले आणि साखर, गोडे तेल, साबण, वह्या, काड्यांच्या पेट्या असा माल बाजारभावापेक्षा दोन-चार पैसे कमी घेऊन देणारे. अशीच भांडारे आसपासच्या गावीही निघाली होती. दिवाळीपूर्वी रव्या-मैद्यासाठी तेथे दाराबाहेर रांग लागे. पुढे ते बसले. ते का बसले, याची कारणे पुष्कळ सांगितली जातात. व्यवस्थापनाला दोष दिला जातो. वस्तुतः सभासद मंडळी रोखीची खरेदी पुण्यास जाऊन करीत आणि उधारीची तेवढी भांडारात करीत, हे त्यातले मुख्य कारण होय. प्रस्तुत लेखक त्याच सभासदांपैकी एक होता. भांडाराच्या फळ्या कायमच्या लागल्या त्या दिवशी मनाला जी टोचणी लागली, तिच्यापायीच अशा दुकानांचा मागचा इतिहास चाळावासा वाटला, आणि त्यात काकांची गाठ पडली.

काकांचा जन्म १८२८ साली साताऱ्यास झाला. त्या वेळी साताऱ्याला छत्रपतींची गादी होती आणि आपले भोर हे त्याच राज्याच्या अष्टप्रधानांपैकी सचिवांचे संस्थान होते. काका वीस वर्षांचे होतात न होतात तोच, १८४८ साली, साताऱ्याचे राज्य खालसा झाले. डोळ्यांदेखत आपले राज्य गेलेले पाहणाऱ्या पिढीतला हा तरुण पोटासाठी पुण्यास आला, काही काळ सरकारी कचेरीत राहिला आणि पुढे वकिलीची परीक्षा देऊन वकील झाला. वकिली चांगली चालली. परंतु घरी येणाऱ्यांत पक्षकारांपेक्षा गाऱ्हाणी सांगणाऱ्यांचीच गर्दी अधिक होऊ लागली.

पर्वती देवस्थानाच्या कारभाराविषयी पुण्यात असंतोष माजला होता. त्याच्या चर्चेतून काकांना सुचले की, लोकांची दाद लागावयाची तर लोकांच्या सह्यांनी अधिकार मिळालेली एक सभा हवी. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सुमारे सहा हजार लोकांनी मुखत्यारपत्रावर सह्या केल्या आणि ९५ प्रतिनिधी निवडले गेले. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्ष झाले, तरी राबणारे चिटणीस काकाच. काँग्रेसच्या जन्माला अजून पंधरा वर्षे अवकाश होता. येथूनच गणेश वासुदेव मागे पडले आणि सार्वजनिक काका हेच नाव लोकांच्या तोंडी बसले. या सभेत शेतकऱ्याला जागा नाही, अशी टीका जोतीराव फुले यांनी केली. ती अगदीच निराधार होती असे म्हणवत नाही. सह्या करणारे बहुतेक शहरातले आणि लिहिते-वाचते होते. मात्र पुढे दुष्काळाच्या वर्षांत याच सभेने गावोगावची हकीकत गोळा करून सरकारपुढे मांडली, हेही खरे.

१८७१ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे बदलून पुण्यास आले. त्यांनी देशी व्यापार या विषयावर व्याख्याने दिली. देशातला कच्चा माल बाहेर जातो, पक्का होऊन परत येतो आणि मधल्या मधे आपला विणकर, रंगारी, तेली उपाशी राहतो, हा त्यांचा सिद्धांत. व्याख्यान ऐकून घरी जाणारे अनेक होते. काकांनी मात्र घरी चरखा आणला. १२ जानेवारी १८७२ रोजी त्यांनी देशी कापडच वापरण्याची शपथ घेतली. स्वतः सूत काढावे, ते विणून घ्यावे आणि तेच अंगावर घालावे, असा क्रम सुरू झाला. महात्मा गांधी त्या दिवशी सव्वादोन वर्षांचे होते, एवढे लक्षात घेतले म्हणजे हा गृहस्थ काळाच्या किती पुढे चालला होता हे कळते.

पण स्वतःपुरते व्रत घेऊन थांबणारा हा स्वभाव नव्हता. लोकांनी देशी माल वापरावा असे म्हणावयाचे, तर तो मिळावयाचा कोठे? काकांनी देशी व्यापारोत्तेजक मंडळी उभी केली. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या असे रोजच्या उपयोगाचे जिन्नस येथेच तयार व्हावेत म्हणून कारागिरांना हाताशी धरले. आणि तो माल विकण्यासाठी पुणे, सातारा, मुंबई, नागपूर, सुरत अशा ठिकाणी सहकारी तत्त्वावर दुकाने निघावीत, असा उद्योग आरंभिला. आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला तो १९०४ साली. मुंबईचे प्रसिद्ध स्वदेशी भांडार निघाले ते १९०६ साली. काकांची दुकाने त्याच्या तीन तपे आधीची. एकाच हेतूने आणि एकाच प्रकारच्या मालासाठी निरनिराळ्या शहरांत दुकाने उघडावयाची, ही कल्पना आज कोणालाही साधी वाटेल. त्या काळी पेढी म्हणजे एका घराची मिरास असे. दुकान अनेकांचे आणि नफा कोणा एकाचा नाही, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या गळी उतरणे कठीणच होते.

त्यांतली दोन दुकाने आपल्या मुलखाच्या दोन अंगांना होती. पुणे उत्तरेला, सातारा दक्षिणेला. मधल्या रस्त्यावर चेलाडीपाशी वेल्ह्याची वाट फुटते आणि कापूरहोळापाशी भोरची. काकांच्या हयातीत साताऱ्याकडे आगगाडी गेली नव्हती, तेव्हा या दोन शहरांमधील जाणे-येणे आणि माल यांना बैलगाडीचाच आधार होता. भोरला त्या वेळी श्रीमंत शंकरराव चिमणाजी पंतसचिव गादीवर होते. मावळातला मनुष्य त्या काळी बाजारात फारसे विकत घेतच नसे. नाचणी-वरी घरची, भात घरचा, घोंगडी धनगराकडची. विकत घ्यावयाचे ते मीठ, आणि घेतलेच तर कापड. पण नेमक्या या कापडावरच सारी लढाई होती.

कारण विलायती कापड स्वस्त होते. १८६३ साली बोरघाटातून आगगाडी थेट पुण्यापर्यंत येऊ लागली आणि १८६९ साली सुवेझचा कालवा खुला झाला. मँचेस्टरचा तागा इतका जवळ आला की खेड्यातल्या विणकराला त्याच्या भावाशी टक्कर देणे अशक्य झाले. उलट देशी साबण आणि मेणबत्ती थोडक्या प्रमाणावर, हातांनी होणारी. ती महाग पडणारच. आजच्या स्वस्त मालाच्या दुकानांत घाऊक खरेदी करून किंमत खाली आणतात. काकांच्या दुकानांपुढची अडचण अगदी उलटी होती. त्यांना महाग पडणारा माल लोकांना परवडेल अशा भावात द्यावयाचा होता. मधला फरक कोठून यावा? तो काकांच्या पदरातून जात असे. या धंद्यात त्यांनी आर्थिक झळ सोसली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. सरकारचे धोरणही विलायती गिरणीवाल्यांच्या बाजूचे. १८७९ साली जाड्या-भरड्या विलायती कापडावरील जकात उठविली गेली आणि १८८२ साली कापडावरची उरलीसुरली जकातही गेली. जाडेभरडे कापड तेच तर आपल्या विणकराचे शेवटचे आश्रयस्थान होते.

या साऱ्या काळात घरच्या माणसाने काय सोसले असेल, हा विचार चरित्रे वाचताना आपण करीत नाही. काकांच्या पत्नी सरस्वतीबाई केवळ सोसणाऱ्या नव्हत्या. १८७१ साली स्त्रीविचारवती सभा स्थापन झाली ती त्यांच्या पुढाकाराने, आणि तिच्या हळदीकुंकवाला सर्व जातींच्या स्त्रियांना बोलावणे असे. दीडशे वर्षांपूर्वीच्या पुण्यात हे धाडस सामान्य नव्हे. ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना हात क्षणभर थबकला, हे कबूल केले पाहिजे.

काकांच्या आयुष्यातील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग दिल्लीचा. १ जानेवारी १८७७ रोजी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यासाठी दरबार भरला. राजेरजवाडे जरीच्या पोशाखांत आणि हिऱ्यामोत्यांत मढून आले होते. इकडे दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला होता. त्या दरबारास सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका गेले ते आपल्या हातसुताच्या शुभ्र पोशाखात. सभेच्या मानपत्रात हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा दर्जा मिळावा, अशी मागणी होती. दुकानांतून किती माल खपला याचा हिशेब काहीही असो, त्या मालाचा एक गिऱ्हाईक साम्राज्याच्या दारापर्यंत जाऊन उभा राहिला.

दोन वर्षांनी याहून कठीण प्रसंग आला. रानड्यांची तीच व्याख्याने ऐकणाऱ्यांत वासुदेव बळवंत फडके होते. दुष्काळ पाहून त्यांचे मन पेटले आणि १८७९ च्या फेब्रुवारीत धामारी येथील दरोड्यापासून त्यांनी बंड सुरू केले. त्याच वर्षी मे महिन्यात पुण्यात बुधवारवाड्याला आग लागली. संशयाचे वातावरण इतके दाटले की रानड्यांसारख्यांचीही तातडीने बदली झाली. जुलैत फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे सरकारी रोष ओढवून घेणे होते. ते काकांनी घेतले. मार्ग त्यांना मान्य नव्हता; ते अर्ज, सभा, लवाद आणि दुकाने यांच्या मार्गाने जाणारे. परंतु आरोपीला वकील मिळालाच पाहिजे, ही त्यांची वकिलीची समज होती. फडके यांना जन्मठेपेची शिक्षा होऊन एडनला पाठविण्यात आले आणि तेथेच १८८३ साली त्यांचा अंत झाला.

तोपर्यंत काकाही राहिले नव्हते. २५ जुलै १८८० रोजी वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी ते पुण्यास निवर्तले. सार्वजनिक सभा टिकली. दुकाने मात्र टिकली नाहीत. ज्याच्या खिशातून तूट भरून निघत होती तो गेल्यावर तसे होणे अपरिहार्यच होते. पुण्यात किंवा साताऱ्यात त्या दुकानांची खूण दाखविता येत नाही, आणि कापूरहोळच्या फाट्यावर एस. टी. ची वाट पाहणाऱ्या मनुष्याला त्यांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नाही.

आमच्या भांडाराची उधारीची वही मात्र अजून शिल्लक आहे. जागा रिकामी करताना ती रद्दीत निघाली होती. एका जुन्या सभासदाने उचलून ठेवली. हा लेख लिहिण्यापूर्वी ती मुद्दाम मागून पाहिली. पिवळ्या पानावर लेखकाच्या नावापुढे सत्त्याऐंशी रुपये बाकी आहेत. भरावयाचे झाले तर ते कोणाकडे भरावेत, हे मंडळाच्या पुढील बैठकीत विचारावयाचे आहे.