बिननावाच्या वाडग्यांचा दिवाणा

आपल्या घरातल्या स्टीलच्या भांड्यांवर नाव असतं, पण ते कंपनीचं नसतं. मामाच्या लग्नातला डबा, आजीच्या नावाचा तांब्या, तारीख घातलेलं पातेलं. दुकानदार घर्रर्र करत मशिनने कोरतो ते नाव देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं. भांडं बनवलं कुणी, हे कुणी विचारतच नाही. आणि आपली पिढी मात्र मॉलमध्ये लोगो नसलेला बेज टी-शर्ट आणि लेबल नसलेली बरणी शोधत फिरतेय, वर त्यासाठी चार पैसे जास्तही मोजतेय! काहीच लिहिलेलं नाही म्हणून छान, हे आपल्याला वाटतं तेवढं नवीन नाही. जपानमध्ये शंभर वर्षांपूर्वी एका माणसाने याच आवडीपायी अख्खं आयुष्य घातलं. त्यांचं नाव सोएत्सू यानागी.

गंमत म्हणजे साधेपणाशी त्यांचा जन्माने काही संबंध नव्हता. 1889 साली टोकियोत जन्म, वडील नौदलात रिअर ॲडमिरल. ते लवकर गेले, पण घराणं मोठं. सोएत्सूची शाळाही सरदार-उमरावांच्या मुलांची. 1910 मध्ये शाळेतल्या मित्रांबरोबर त्यांनी ‘शिराकाबा’ नावाचं मासिक काढलं. युरोपातली लेटेस्ट चित्रकला जपानी तरुणांपर्यंत पोचवायची, हा या पोरांचा ध्यास. त्यांनी थेट फ्रान्सला, शिल्पकार रोदँला जपानी चित्रं पाठवली आणि रोदँने बदल्यात तीन छोटी शिल्पं धाडली! म्हणजे तोवर सगळा कारभार मोठ्या नावांचाच होता.

ती शिल्पं यानागींच्या घरी होती. 1914 मध्ये ती पाहायला एक शाळामास्तर आला, असाकावा नोरिताका. तो कोरियात शिकवायचा. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून त्याने एक कोरियन बरणी भेट आणली. पांढरी, पैलू पाडलेली, त्यावर निळ्या रंगात गवताच्या चार काड्या. बनवणाऱ्याचं नाव नाही, सही नाही. पाहुणा आला होता रोदँ बघायला, आणि यजमान त्या बरणीकडेच बघत बसले. पुढे आयुष्यभर.

ही बरणी फक्त सुंदर नव्हती, अडचणीचीही होती. 1910 पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. यानागी 1916 मध्ये तिथे जाऊन आले, नंतर जात राहिले. 1919 च्या मार्चमध्ये कोरियन लोक स्वातंत्र्यासाठी रस्त्यावर उतरले आणि जपानी सैन्य-पोलिसांनी ते आंदोलन रक्तात बुडवलं. तेव्हा गप्प राहणं सोपं होतं. यानागींनी जपानी वर्तमानपत्रात लेख लिहून स्वतःच्या सरकारला दोष दिला. ज्यांची भांडी आपण प्रेमाने घरात मांडतो त्यांनाच चिरडतो कसे, असा त्यांचा साधा प्रश्न होता. त्यांची पत्नी कानेको नावाजलेली गायिका. तिने कोरियात मैफली करून पैसे उभे केले. सेऊलच्या राजवाड्याचा जुना दरवाजा पाडायचं ठरलं तेव्हा 1922 मध्ये यानागींनी पुन्हा लेख लिहिला. दरवाजा पाडला गेला नाही, दुसरीकडे हलवला गेला. 1924 मध्ये त्याच राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचं संग्रहालय उघडलं.

पण त्यांना हिरो करून मोकळं होण्यात अर्थ नाही. कोरियन कलेचं सौंदर्य दुःखातून आलंय, अशी त्यांची मांडणी होती. नंतरच्या कोरियन अभ्यासकांना ती खटकली. आमच्या भांड्यांत तुम्हाला फक्त रडणंच कसं दिसतं, हा त्यांचा आक्षेप. मला तो पटतो. जिंकणाऱ्या देशातला भला माणूस झाला, तरी तो खिडकी जिंकणाऱ्याच्या घरातूनच उघडतो.

1923 च्या भूकंपानंतर यानागी क्योटोला राहायला गेले आणि तिथल्या जुन्या बाजारांत रमले. देवळांच्या आवारात भरणारे, आपल्या चोरबाजाराच्या जवळ जाणारे हे बाजार. तिथल्या विक्रेत्या बायका रोजच्या वापरातल्या जाड्याभरड्या मालाला ‘गेतेमोनो’ म्हणायच्या, म्हणजे हलका माल. यानागी तोच उचलायचे. पण शब्दात हिणवणं होतं, म्हणून 1925 मध्ये हामादा शोजी आणि कावाई कांजिरो या कुंभार मित्रांबरोबर त्यांनी नवा शब्द घडवला. मिंगेई, म्हणजे सामान्य लोकांची कारागिरी.

त्यामागचं लॉजिक भारी आहे. जो कुंभार दिवसाला ढीगभर वाडगे करतो, त्याला स्टाइल मारायला वेळच नसतो. हात आपोआप फिरतो, रेघ सुटसुटीत पडते. वस्तू स्वस्त, म्हणून ती रोज वापरली जाते आणि वापराला नको ते गळून पडतं. यानागींना हे बौद्धांच्या नामजपासारखं वाटायचं, पुन्हा पुन्हा तेच करताना मी विरघळून जाणं. (आपल्याला इथे गोरोबाकाका आठवणारच.) हामादा आणि कावाई यांनी पुढे आपल्या भांड्यांवर सही करणंच सोडलं. अर्थात तोवर ते इतके प्रसिद्ध होते की सहीची गरजही नव्हती!

1936 मध्ये एका गिरणीमालकाच्या देणगीतून टोकियोच्या कोमाबा भागात यानागींचं लोककला संग्रहालय उभं राहिलं. वस्तूंजवळच्या पाट्यांवर माहिती अगदी थोडी. आधी डोळ्यांनी बघा, मग वाचा, हा आग्रह. इन्स्टावर फोटोआधी कॅप्शन वाचणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जड जाईल.

आज आपण जी ‘नो ब्रँड’ दुकानं ओळखतो त्यांच्यापर्यंत इथून एक वाट जाते. 1980 मध्ये जपानच्या एका सुपरमार्केट साखळीने बिनछापाच्या 40 वस्तू आणल्या. त्यात वाळवलेल्या मशरूमचे तुटके तुकडेही होते, कारण चिरायचेच आहेत तर अख्खे कशाला? त्याचंच पुढे ‘मुजी’ झालं. नावाचा अर्थच बिनछापाचा चांगला माल. मुजीचे डिझाइन सल्लागार नाओतो फुकासावा 2012 मध्ये यानागींच्या संग्रहालयाचे संचालक झाले. आणि ‘बिनछापाचा’ हा शब्द आता जगभर ओळखला जाणारा छाप आहे.

हा पेच यानागींनाही माहीत होता. 1931 मध्ये त्यांनी क्योटोच्या एका मठात चहाचा एक विख्यात वाडगा पाहिला. पेटीत पेटी, त्यात पेटी, आत रेशमी कापड आणि शेवटी एक साधा कोरियन वाडगा. गरिबाच्या घरातला भाताचा असणार, असं त्यांचं मत. तो ज्याने केला त्याला काय मिळालं असेल?

1940 मध्ये ते ओकिनावा बेटांवर होते. तिथे शाळेत स्थानिक बोली बोललेल्या मुलाच्या गळ्यात शिक्षेची पाटी अडकवायचे. सगळ्यांनी प्रमाण जपानीच बोलावं, हा सरकारी आग्रह. यानागींनी त्याविरुद्ध उघड वाद घातला. त्यांना तिथलं कापड आवडायचं, केळीच्या जातीच्या झाडाच्या तंतूंपासून विणलेलं, उन्हाळ्यात अंगाला न चिकटणारं. पण कापड हवं आणि विणणारीची भाषा नको, हे त्यांना मान्य नव्हतं.

पाच वर्षांनी ओकिनावावर युद्ध झालं. गावं, घरं, माग, साठवलेलं कापड, बहुतेक सगळं जळून गेलं. यानागींनी टोकियोला नेलेले कपडे वाचले. आजारपणात शेवटची वर्षं काढून 1961 मध्ये ते गेले, कपडे अजून संग्रहालयात आहेत. कोणत्या बेटावरचे, साधारण कोणत्या काळातले, हे सांगता येतं. विणणारी कोण होती, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही.